दुसरी बिडी

तुमची आई परवा फोनवर सांगत होती की शाळा सुरू झाल्यापासून तुमच्या घरात सकाळी कोणी कोणाशी धड बोलत नाही. एकाचा मोजा सापडत नाही, दुसरी दूध संपवत नाही, बस कोपऱ्यावर येऊन भोंगा वाजवते आणि दाराबाहेर पडताना कोणीतरी रडत असतं. तुम्ही दोघं असे कसे निघालात, असं तिने मला विचारलं. तिला मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला देते. तुम्ही तिच्यावर गेला आहात.

तेव्हा आम्ही चांदा जिल्ह्यात होतो. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो पुष्कळ नंतर. त्या काळी सगळं जंगल एकाच चांद्याचं होतं. तुमचे आजोबा वनखात्यात रेंजर होते. मूल या गावाहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून बऱ्याच आत एका लहान गावात आमचं सरकारी घर होतं. घरात आजोबा, मी, माझ्या सासूबाई, नऊ वर्षांची तुमची आई आणि तिचा रांगता भाऊ. गावात शाळा नव्हती. शाळा पलीकडच्या मोठ्या गावात होती आणि मध्ये सागाचं नि बांबूचं रान होतं. वाट चांगली होती, पण त्या वाटेने वाघही येजा करत असे. म्हणून मुलांनी नाकेदाराबरोबरच जायचं, असा गावाचा नियम होता.

नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा पहारेकरी. हा उंच, वाळका, मिशाळ माणूस रोज सकाळी शाळेच्या गावाजवळच्या लाकडाच्या डेपोवर कामाला जाई. गावाच्या टोकाला ऐनाच्या झाडाखाली तो उभा राही, खांद्यावर काठी टाकी आणि एक बिडी पेटवी. मुलं जमत. बिडी संपली की तो थोटूक चपलेखाली चिरडी आणि म्हणे, "चला रे पोरायहो." गावात घड्याळं दोनच होती, एक आजोबांच्या मनगटावर आणि एक ऑफिसात. बाकी सगळ्यांचं घड्याळ ती बिडी.

ती बिडी संपायच्या आत तुमची आई कधीच पोचली नाही.

तिचा एकटीचा दोष नव्हता. आमच्या घरची सकाळच तशी रचलेली होती. सासूबाई पहाटे आंघोळ करून सोवळ्यात जात. सोवळं तुम्ही पाहिलेलं नाही. वेगळं वाळवलेलं लुगडं नेसायचं, देवपूजा आणि स्वयंपाक होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही आणि कोणी आपल्याला शिवायचं नाही. चुकून शिवलं, तर पुन्हा आंघोळ. स्वयंपाक त्यांच्याच हातचा, त्यामुळे तिकडे मला मदतीला जाता येत नसे. इकडे माझ्या एका काखेत बाळ, दुसऱ्या हातात आजोबांचा दौऱ्याचा डबा. आणि तुमच्या आईचे केस! कमरेच्या खालीपर्यंत, दाट आणि तिच्याइतकेच हट्टी. फणी लावली की ती पाटावरून उठून पळे. मोकळ्या केसांच्या मुलीला मास्तर वर्गात घेत नसत, आणि सासूबाई तर तिला उंबराही ओलांडू देत नसत. त्या आतून सूचना देत, मी बाहेरून ओरडे, बाळ रडे, आणि या गोंधळात भात थंड होई.

मी बी.ए. झालेली होते. वेळापत्रक केलं नसतं तरच नवल. लाल शाईने चौकटी आखून सगळ्यांच्या वेळा लिहिल्या, कणकेची खळ शिजवली आणि कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवायला गेले. सासूबाईंनी मला दारातच थांबवलं. शिजवलेली खळ म्हणजे खरकटं. ते भिंतीला कसं लावू द्यायचं? खिळा ठोकायला भिंत मातीची. शेवटी ते वेळापत्रक न्हाणीघराच्या दाराला लागलं, आणि आठवड्याभरात वाफेने लाल शाई ओघळून सगळ्यांच्या वेळा एक झाल्या.

रोवण्याचे दिवस आले. भाताची रोपं चिखलात लावायची त्याला तिकडे रोवणा म्हणतात. गावातल्या साऱ्या बायका उजाडता उजाडता शेतात जात. एके दिवशी समोरच्या घरची बाई संध्याकाळी विरजण मागायला आली. तिच्या दोन मुली शाळेत जात. विरजण घेतलं तरी ती जाईना. वाटी या हातातून त्या हातात घेत राहिली.

"बाई, एक सांगू? राग नका धरू."

"सांगा की."

"तुमची पोरगी उशिरा येते, अन् साहेबाची म्हनून नाकेदार थांबून राह्यते. एक बिडी झाली का दुसरी पेटवते. कधी तिसरी. मग सारीच पोरं उशिरा पोचते. मास्तर साऱ्यायले बाहेर उभं ठेवते. तुमच्या पोरीले काई म्हनत नाई, आमच्या पोरायले छडी भेटते."

मी एवढंच विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"साहेबाच्या बायकोले कोन सांगन? विरजन नासलं म्हनून मले तरी यावं लागलं."

आजोबा पडवीत बसून बूट पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलं. स्वतःच्या हुद्द्यामुळे दुसऱ्यांची मुलं मार खातात, ही गोष्ट त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नाकेदाराला बजावलं की कोणासाठीही थांबायचं नाही. तो "होय सायेब" म्हणाला आणि पुन्हा थांबला. त्याचंही बरोबर होतं. साहेबांची मुलगी मागे राहून एकटी रानात निघाली आणि काही झालं, तर जाब कोणी द्यायचा?

तेव्हा आजोबांनी ठरवून टाकलं. "दिवाळीला ताई येतेच आहे. जाताना हिला नागपूरला घेऊन जाईल. तिथं शाळा घराला लागून आहे."

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण, तुमच्या आईची आत्या. तुमची आई भिंतीआड उभी होती. ती रडली नाही. आपली फणी घेऊन आली आणि माझ्यासमोर पाटावर बसली. एवढी शांत ती कधीच बसली नव्हती, आणि तेच मला बघवेना.

मी स्वतः नागपूरला मामांकडे राहून शिकले. मामींनी मला कधी काही कमी केलं नाही. तरी ताटात दुसऱ्यांदा भात मागायचा धीर मला कॉलेज संपेपर्यंत झाला नाही. माझ्या मुलीने भात ओरडून मागावा, नको असला तर ओरडून नको म्हणावा, आणि तो माझ्याच घरात, असं मला वाटत होतं.

आश्चर्य म्हणजे सासूबाईही माझ्या बाजूने बोलल्या. आजोबांना म्हणाल्या, "लेक माझीच आहे, म्हणून सांगते. तिच्याकडे नऊ वाजेपर्यंत चूल पेटत नाही. वेळेवर जायला शिकायला पोरीला तिकडे धाडतोस?"

आजोबा हसले, पण पूर्ण विरघळले नाहीत. "ठीक आहे," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत बघू. नाकेदाराची दुसरी बिडी पेटली, की नागपूर."

आता मला काहीतरी करणं भाग होतं. मी समोरच्या बाईकडे गेले. ती अंगणात चिखलाचे पाय धूत होती. आमच्या घरची सगळी सकाळ मी तिला सांगितली. सोवळं, बाळ, डबा, केस. ती पोटभर हसली.

"एवढं सारं तुमी एकट्याच करता? आमी रोवना कधी एकटीनं करत नाई, बाई. आज साऱ्याजनी माह्या बांधीत, उद्या दुसरीच्या बांधीत. अन् लेकरं मात्र ज्याची त्यानं धाडाची, असं काऊन?"

बांधी म्हणजे भाताचं खाचर. तिचं म्हणणं मला एकदम पटलं, पण अडचण उरलीच होती. आमच्या मुलीला दुसऱ्या घरी कोणी शिवलं, की ती आमच्या स्वयंपाकघरात जेवायला चालणार नव्हती. मी घरी येऊन विचार करत बसले आणि मग लक्षात आलं की आमचा क्रमच उलटा आहे. आम्ही आंघोळ, मग वेणी, मग जेवण असं करत होतो. वेणी सगळ्यात शेवटी गेली, तर शिवाशिवीचा प्रश्नच उरत नाही. आंघोळ घरी, जेवण घरी, आणि मोकळ्या केसांनिशी बाहेर पडून वेणी वाटेत. परतल्यावर कपडे बदलले की झालं.

मी हे सासूबाईंपुढे मांडलं. त्यांनी दोष शोधून पाहिला. मिळाला नाही. "मोकळ्या केसांनी उंबरा ओलांडायचा, एवढंच वाईट," त्या म्हणाल्या. मग त्याच म्हणाल्या, "टोकाला एक गाठ मारून देत जा. म्हणजे बांधल्यासारखं होतं."

वाटेतलं घर म्हणजे गावाच्या टोकाचं, ऐनाच्या झाडासमोरचं. तिथे एक मुसलमान शिंपी राहत. त्यांच्या बायकोला सगळं गाव भाभी म्हणे. भाभींना मूल नव्हतं आणि सकाळी त्यांच्या ओट्यावर ऊन छान येई. मी विचारायला गेले तेव्हा माझं बोलणं पुरं व्हायच्या आतच त्या म्हणाल्या, "भेजो ना, बाई! एक काऊन, साऱ्याच पाठवा. माझा टाइम जाते."

पुढच्या सोमवारपासून गावातल्या शाळेत जाणाऱ्या सगळ्या मुली भाभींच्या ओट्यावर. भाभींच्या हातात काय होतं कोण जाणे, तुमची आई तिथे हूं की चूं करत नसे. भाभी वेणी घालताना गोष्ट सांगत आणि वेणी संपली की ती अर्ध्यावर तोडत. पुढचं ऐकायचं तर उद्या वेळेवर यायचं. शिंपी आतून कापडाच्या कातरणीच्या पट्ट्या काढून देत, त्यांच्या रिबिनी होत. ज्या दिवशी कोणाच्या परकराचं हिरवं छीट बेतलं असेल, त्या दिवशी गावातल्या सगळ्या मुलींच्या वेण्या हिरव्या. एकदा आजोबांच्या सरकारी गणवेशाचं कापड शिवायला गेलं होतं. त्या दिवशी खाकी.

समोरच्या बाईने लहान मुलांच्या आंघोळी आपल्या विहिरीवर घेतल्या. ती शेतात गेली की तिची म्हातारी सासू पोहरा ओढे आणि ओरडे, "कान धुवा रे, कान! तिथी धान उगवन." माझ्या वाट्याला संध्याकाळ आली. दिवेलागणीच्या आधी सगळी मुलं आमच्या पडवीत येत, पाढे म्हणत, पाट्या धूत, दप्तरं भरून खुंटीवर टांगत. सकाळी काहीही शोधायचं नाही, हा माझा एकमेव नियम. तो कागदावर लिहिला नाही, म्हणून टिकला.

तुमच्या आईला हे वाचून दाखवा. मोजा कुठे आहे हा प्रश्न सकाळी विचारायचा नसतो, संध्याकाळी विचारायचा असतो. आणि एका घरात दोन माणसांनी सगळं करायचं हा हट्ट सोडून शेजारच्या बाईंशी एकदा बोल, असंही तिला सांगा. तिकडे त्यांची मुलं त्याच बसने जातात ना?

असा श्रावण गेला, भादवा गेला. घरात सकाळी हसू ऐकू येऊ लागलं. तुमची आई भात दोनदा मागून घेई आणि दारातून धावत सुटे. नाकेदार एका बिडीत निघू लागला. नागपूरचं नाव कोणी काढत नव्हतं, पण आजोबांनी शब्द मागेही घेतला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस. आदल्या संध्याकाळी आत्या आल्या. छोट्या रुळांच्या आगगाडीने मूलपर्यंत आणि पुढे बैलगाडीने. त्यांच्याबरोबर एक मोठी रिकामी ट्रंक होती. "हिचे कपडे भरायला," त्या म्हणाल्या. आजोबांनी पावसाळ्यातच त्यांना पत्र टाकलं होतं. त्यांना वाटलं, आता ठरलेलंच आहे. तुमची आई त्या ट्रंकेकडे बघत जेवली आणि भात तिने एकदाच घेतला.

सकाळी ती नेहमीप्रमाणे टोकाला गाठ मारून निघाली. मी बाळाला न्हाऊ घालत होते. सासूबाई सोवळ्यात, चुलीवर भात. आत्या पडवीत चहा घेत होत्या. आजोबा सायकल पुसून दौऱ्यावर निघायच्या बेतात, ऐनाच्या झाडापर्यंत पुढे गेले होते. तेवढ्यात तुमची आई धापा टाकत परत आली.

"भाभींना थंडीताप आलाय! त्या उठतच नाहीयेत. सगळ्याजणी ओट्यावर बसल्यात. आणि नाकेदारांनी बिडी पेटवली!"

समोरची बाई हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापायला पहाटेच गेली होती. माझे हात कोपरापर्यंत साबणात. मी आत्यांकडे पाहिलं.

"अगं, राहू दे," आत्या बशीत फुंकर घालत म्हणाल्या. "एक दिवस नाही गेली तर काय बिघडतं? उद्या-परवा नागपूरलाच यायचंय."

स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. सासूबाईंनी भात चुलीवरून उतरवला होता. त्या उंबऱ्यात आल्या, एक क्षण थांबल्या आणि बाहेर आल्या.

"फणी आण," त्या नातीला म्हणाल्या.

"आजी, तुम्ही सोवळ्यात आहात!"

"मला दिसतंय मी कशात आहे ते. बाकीच्या किती आहेत?"

"सगळ्या. कोणाचीच वेणी नाही."

"मग चल तिकडेच. एकीला शिवलं काय नि सगळ्यांना शिवलं काय, आंघोळ एकच."

आणि त्या चालू लागल्या. सोवळ्याचं लुगडं नेसलेल्या माझ्या सासूबाई सकाळच्या उन्हात भर रस्त्याने शिंप्याच्या घराकडे चालल्या आहेत, हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं. मी बाळाला पंच्यात गुंडाळून मागे धावले. माझ्यामागे आत्या, हातात बशी तशीच.

सासूबाई ओट्यावर बसल्या. आधी दारातून आत विचारलं, "ताप किती आहे गं? काढा पाठवते, मुकाट्याने प्यायचा." मग पहिली मुलगी पुढ्यात ओढली. नारळ सोलताना चालतात तसे त्यांचे हात भराभर चालत होते. शिंपी सासूबाईंचं सोवळं पाहून रिबिनीच्या पट्ट्या लांब ठेवून मागे सरकले. "तिथं कशाला ठेवता?" सासूबाई म्हणाल्या. "हातात द्या की. माझा एक हात केसांत आहे." त्यांनी हातात दिल्या. मी दुसऱ्या बाजूला बसून दोघींच्या घातल्या. त्या वाकड्या झाल्या, पण झाल्या.

झाडाखाली नाकेदार उभा, शेजारी सायकल धरून आजोबा. मी मान वर करून पाहिलं तर बिडी नाकेदाराच्या ओठात होती, पण धूर नव्हता. त्याने काडी ओढली, पेटवली, दोन झुरके घेतले आणि पुन्हा तशीच धरून ठेवली.

"ही कितवी?" आजोबांनी विचारलं.

"पयलीच हाये, सायेब. इझली होती."

"किती वेळा इझली?"

"हवा दमट हाये ना, सायेब. इझलेली बिडी पुन्हा पेटवली तर ते तीच असते. मोजत नाई."

आजोबांनी वर पाहिलं. आभाळ असं निळं की त्यात कापसाएवढाही ढग नव्हता. समोर ओट्यावर त्यांची आई एका शेतकऱ्याच्या मुलीची मान सरळ करत होती. "हो," ते गंभीरपणे म्हणाले. "दमट आहे खरी."

शेवटची वेणी तुमच्या आईची. तिने स्वतःच आपला नंबर शेवटी लावून घेतला होता. रिबीन बांधून झाली तसा नाकेदाराने बिडीचा शेवटचा झुरका घेतला, अगदी सावकाश, आणि थोटूक चपलेखाली चिरडलं. "चला रे पोरायहो!" साऱ्याजणी पिवळ्या रिबिनी उडवत धावल्या. तुमच्या आईने वळूनही पाहिलं नाही, याचाच मला आनंद झाला.

आजोबा सायकलवर बसले. "ताई," ते जाता जाता म्हणाले, "ट्रंकेत नव्या तांदळाचे पोहे भरून ने. पोरगी इथेच राहील."

आत्यांनी बशी ओट्याच्या कडेला ठेवली. त्या चाळिशीच्या पुढच्या होत्या, चार मुलांची आई. त्यांनी डोक्यामागे हात नेऊन अंबाडा सोडला आणि केस पाठीवर पडू दिले.

"आई, माझीही घालतेस?"

सासूबाईंनी फणी पदराला पुसली. "बस," त्या म्हणाल्या. "आंघोळ अजून व्हायचीच आहे."